४ बाय ६ च्या बाथरूममध्ये सामान बसवायचं कसं: कपाट, फळ्या, हुक आणि टाइलला भोक पाडण्यापर्यंत सगळं

मुंबई-ठाण्याकडे नाहीतर पुण्याच्या जुन्या सोसायट्यांमध्ये वन बीएचकेचं बाथरूम म्हणजे साधारण ४ फूट बाय ६ फूट, फार तर ७. त्यात गीझर, दोन बादल्या, टमरेल, बसायचं स्टूल, चार माणसांचे शॅम्पू-साबण, कपड्यांची पावडर, घासायचे ब्रश, वायपर, फिनेलची बाटली, आणि कितीतरी घरांत पाण्याचं पिंप किंवा वॉशिंग मशीनसुद्धा तिथेच. मग आपण नेटवर फोटो बघतो, लाकडी फळीवर घडी घातलेले टॉवेल, वेताच्या टोपल्या, खाली छान कपाट, आणि तसंच सुताराला करायला सांगतो, आणि दोन पावसाळ्यांत ते फुगतं आणि दार लागेनासं होतं.

सुताराची चूक नसते यात. ते फोटो कोरड्या बाथरूमचे असतात, तिथे काचेच्या आड शॉवर घेतात आणि बाकीची फरशी दिवसभर कोरडी राहते. आपण बादलीने अंघोळ करतो, कपडे तिथेच धुतो, अंघोळीनंतर दोन टमरेलं पाणी भिंतीवर मारून सगळं धुऊन काढतो, म्हणजे कोपरा न् कोपरा रोज भिजतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कपाट कुठे बसवायचं हे आधी पाण्याला विचारा, जागेला नंतर. खाली जे सांगतेय ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

आधी सगळं बाहेर काढा

खरंच सगळं. बाथरूम पूर्ण रिकामं करा आणि सामान हॉलमध्ये जुन्या पेपरवर मांडा. रिकाम्या झालेल्या, तळाशी बोटभर उरलेल्या, हॉटेलातून आणलेल्या छोट्या बाटल्या, फाटलेली अंगघासणी, तुटका मग, हे बघूनच कळतं की अर्ध्या सामानाला कपाटाची गरज नाहीये, कचऱ्याच्या डब्याची आहे.

जे उरलं त्याचे तीन ढीग करा. पहिला ढीग म्हणजे ओल्या हाताने रोज लागणाऱ्या वस्तू, साबण, शॅम्पू, फेसवॉश, वज्री, रेझर. दुसरा ढीग रोज लागतं पण कोरडं राहायला हवं अशांचा, कंगवा, सॅनिटरी पॅड, अंघोळीनंतरचं तेल आणि क्रीम. तिसरा ढीग म्हणजे स्टॉक आणि सफाईचं सामान, जादाचे साबण, पावडरचं मोठं पाकीट, ॲसिड, फिनेल, ब्रश. या तीन ढिगांच्या जागा कायम वेगळ्या ठेवायच्या, एकाच कपाटात तिन्ही कोंबले की ते कपाट कधीच नीट राहत नाही.

काही गोष्टी मात्र बाथरूममध्ये परत न्यायच्याच नाहीत. औषधं पहिली. आरशामागच्या कपाटात गोळ्या ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत दिसते, पण वाफ आणि गरम-गार हवेमुळे गोळ्या खराब होतात, त्यांची जागा बेडरूमच्या कोरड्या खणात. ट्रिमर, हेअर ड्रायर पण बाहेरच बरे. जादाचे टॉवेल तर अजिबात नको, पावसाळ्यात कपाटात ठेवलेला धुतलेला टॉवेल पण चार दिवसांत कुबट वास मारतो.

पाणी कुठपर्यंत उडतं ते बघा

ही पायरी कोणी करत नाही आणि सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. घरातल्यांच्या अंघोळी झाल्या झाल्या, भिंती पुसायच्या आधी आत जा आणि टाइलवर थेंब कुठवर आहेत ते बघा. जिथे थेंब संपतात तिथे मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावा. असं चारी भिंतींवर करा, आणि कपडे धुतल्यावर परत एकदा बघा कारण धोपटताना, आपटताना पाणी भलतीकडेच उडतं. दोनतीन दिवसांत तुमच्या बाथरूमचा पाण्याचा नकाशा भिंतीवर तयार होईल.

स्टुलावर बसून बादलीने अंघोळ करणाऱ्या घरात ही रेघ साधारण छातीच्या उंचीच्या आसपास येते, उभ्याने शॉवर घेणाऱ्या घरात शॉवरच्या भिंतीवर अगदी वरपर्यंत जाते, पण समोरच्या, दाराजवळच्या भिंतीवर बऱ्यापैकी खालीच राहते. या रेघेच्या खाली कुठलंही बंद दाराचं कपाट नको. खाली फक्त उघडं, जाळीचं, पाणी निथळून जाईल असं. रेघेच्या वर बंद कपाट चालेल. आणि फरशीवर बादली, स्टूल सोडून काहीही नको, कारण फरशीवर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूखाली पाणी साचतं, तिथे बुळबुळीत थर धरतो, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर पाय घसरायला तेवढं पुरतं.

वाफेचा पण विचार करा. गरम पाण्याची वाफ वर जाते आणि छताजवळ सगळ्यात जास्त साठते, त्यामुळे अगदी वरची फळी थेंबांपासून सुरक्षित असली तरी कोरडी नसते. तिथे कागदी खोकी, टिश्यू रोल उघडे ठेवू नका, झाकणाच्या डब्यात ठेवा.

भिंतीच्या आत काय आहे

भोक पाडायच्या आधी हे नक्की करा. आजकाल सगळे पाइप भिंतीच्या आतून जातात. नळ, शॉवर, मिक्सर, गीझरची जोडणी, या प्रत्येकाच्या सरळ वर आणि सरळ खाली पाइप असू शकतो असंच धरून चालायचं. त्या उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी ६-६ इंच सोडून द्या. दोन नळ एका ओळीत असतील तर त्यांच्यामधल्या आडव्या पट्ट्यात पण पाइप असणार. गीझरच्या स्विचच्या वर-खाली वायर. बिल्डिंग बांधताना किंवा टाइल बसवायच्या आधी कोणी फोटो काढले असतील तर त्यांच्यासारखं सोनं नाही, शेजारच्याने त्याच प्लॅनच्या फ्लॅटमध्ये काम केलं असेल तर त्याला पण विचारा.

फरशीत आणि फरशीपासून फूटभर उंचीपर्यंतच्या भिंतीत भोक पाडूच नका. वॉटरप्रूफिंगचा थर फरशीवरून भिंतीवर तेवढा चढवलेला असतो, तो फुटला की पाणी खालच्यांच्या छतात उतरतं, आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे होतं ते सगळ्यांना माहितीये.

भिंत कशाची आहे तेही बघा. जुन्या इमारतीत विटांची भिंत, त्यात गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात घालायचा प्लास्टिकचा प्लग, छान धरते. गेल्या काही वर्षांतल्या उंच टॉवरमध्ये मायवान पद्धतीच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या, सगळ्या काँक्रीटच्या भिंती असतात, त्यांना हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही आणि त्या कोरून कोनाडा तर करायचाच नाही, भिंतच इमारतीचा भार घेते. हलक्या ब्लॉकची भिंत असेल, म्हणजे ड्रिल लोण्यात गेल्यासारखं सहज आत जातं आणि पांढरट भुसा येतो, तर साधी छोटी गिट्टी सैल होते, त्यासाठी हलक्या ब्लॉकची वेगळी लांब गिट्टी मिळते ती घ्या आणि तरी फार वजन टांगू नका.

अजून एक, टाइलवर नाणं आपटून बघा. भरीव आवाज आला तर ठीक, ढप ढप पोकळ आवाज आला तर त्या टाइलमागे सिमेंट नीट भरलेलं नाही, तिथे भोक पाडलं तर टाइल तडकेल.

जागा कुठे कुठे लपलेली असते

लहान बाथरूममध्ये जागा फरशीवर शोधायची नाही, उभ्या भिंतीत आणि दाराभोवती शोधायची.

दाराच्या वरची पट्टी. दार साधारण पावणेसात-सात फुटांचं आणि छत नऊ-साडेनऊ, म्हणजे मधे दोन फूट भिंत नुसती पडलेली. तिथे आतल्या बाजूने ८ ते ९ इंच खोल फळी, भिंत टू भिंत. ही जागा नळापासून सगळ्यात लांब असते म्हणून थेंब पोचत नाहीत. इथे तिसऱ्या ढिगातला हलका स्टॉक ठेवायचा, जादाचे साबण, ब्रश, स्क्रबर, प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यांत, डब्यावर बाहेरून नाव लिहून. ॲसिडची बाटली डोक्याच्या वर कधीच ठेवू नका. वर पोटमाळा असेल आणि त्यात पाण्याची टाकी असेल तर फळी टाकताना टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत हात जाईल ना ते आधी बघा, प्लंबर आला की शिव्या तुम्हालाच पडतील.

आरशाचं कपाट. बेसिन आत असेल तर याच्याइतकी कामाची वस्तू नाही, पण खोली ४ ते ५ इंचच ठेवा. तुमच्या सामानावर पट्टी लावून बघा, शॅम्पूची बाटली, पेस्ट, क्रीमची डबी, जवळजवळ सगळं ३ इंचांच्या आत बसतं. जास्त खोल कपाट केलं की वस्तू एकामागे एक लपतात, मागची बाटली सापडत नाही म्हणून आपण नवीन आणतो, आणि तोंड धुवायला वाकलं की कपाळ आपटतं ते वेगळंच. बेसिनच्या काठापासून कपाटाच्या तळापर्यंत १५-१६ इंच मोकळे सोडा म्हणजे नळ उघडताना पाणी थेट कपाटाच्या बुडाला लागत नाही. आरसा घरातल्या सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाला दिसेल असा लावा, सुतार स्वतःच्या उंचीने लावून जातात आणि आजीला नुसतं कपाळ दिसत राहतं. दार कुठल्या बाजूने उघडणार, उघडल्यावर गीझरच्या पाइपला किंवा दिव्याला अडणार का, हे पुठ्ठा कापून भिंतीला लावून बघा.

बेसिनखालचं कपाट. हे सगळ्यांना हवं असतं आणि सगळ्यात लवकर हेच सडतं. करायचंच असेल तर भिंतीला टांगलेलं करा, फरशीपासून निदान १० इंच वर, म्हणजे खालून वायपर फिरतो आणि धुतल्याचं पाणी त्याला लागत नाही. मागची फळी लावू नका, अँगल कॉक (पाणी बंद करायचा छोटा नळ) आणि खालचा बॉटल ट्रॅप (बेसिनच्या सांडपाण्याची वाटी) मोकळा दिसला पाहिजे, हात घालून फिरवता आला पाहिजे, कारण गळती तिथूनच सुरू होते आणि मागे फळी असली की महिनाभर कळतच नाही. मधल्या फळीला पाइपच्या जागी यू आकाराची खाच. दारांना आडव्या पट्ट्यांचे झरोके किंवा जाळी. आत खाली प्लास्टिकचा पसरट ट्रे ठेवा, थेंब पडला तर आधी ट्रेमध्ये दिसतो.

ॲसिडबद्दल इथेच सांगते कारण लोक ते नेमकं याच कपाटात ठेवतात. टॉयलेटचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्याच्या वाफा झाकण लावलेलं असलं तरी हळूहळू निघत राहतात, आणि बंद कपाटात कोंडल्या की बिजागऱ्या, स्क्रू, नळाचं पॉलिश सगळं खाऊन टाकतात. त्याची जागा हवेशीर, उघड्या, लहान मुलांचा हात न पोचणाऱ्या कोपऱ्यात, जमलं तर कुलपाच्या ड्राय बाल्कनीत. आणि ब्लीच त्याच्या शेजारी अजिबात नको. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू होतो, लहान बंद बाथरूममध्ये तो फार वाईट, जीवावर बेतू शकतं. दोघांच्या जागा दोन टोकांना ठेवा आणि घरी सफाईला येणाऱ्या ताईंना पण हे नीट सांगा.

दाराची मागची बाजू. दार आत उघडत असेल तर दार आणि भिंतीमध्ये दोनतीन इंचांची फट राहते, तिथे हुक आणि पातळ जाळीचा रॅक बसतो. फायबरच्या दाराला मधोमध स्क्रू मारू नका, आत पोकळ असतं, स्क्रू धरत नाही आणि आत पाणी शिरतं, कडेच्या चौकटीतच मारा किंवा दारावर वरून अडकवायचे हुक वापरा, फक्त दाराच्या वर दोनतीन मिलिमीटर फट आहे ना ते बघा. जमत असेल तर दारच बाहेर उघडणारं करून घ्या. ४ बाय ६ मध्ये दाराच्या फेऱ्यात जाणारी जागा फार मोठी असते, शिवाय आत कोणी चक्कर येऊन पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्या अंगालाच अडतं, घरात वयस्कर कोणी असेल तर हा बदल मी सगळ्यात आधी करेन.

ओला कोपरा. साबण-शॅम्पूसाठी नळाच्या भिंतीचा कोपरा, ८ इंची त्रिकोणी रॅक, तळाला भोकं किंवा जाळी असलेला. बसून अंघोळ करत असाल तर सव्वातीन-साडेतीन फुटांवर, उभ्याने असेल तर चार-सव्वाचार. दोन कप्पे असतील तर वरचा मोठ्यांचा आणि खालचा मुलांचा. काचेची फळी बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असलेल्यांनी घेऊ नये, क्षाराचे पांढरे डाग रोज पुसले तरी बसतातच.

बादल्या. लोक कपाटाचा विचार करतात आणि फरशीची खरी जागा खाणाऱ्या बादल्यांचा करत नाहीत. सगळ्या बादल्या एकाच आकाराच्या घेण्यापेक्षा एकात एक जातील अशा घ्या, वापरून झाल्या की पालथ्या घालायच्या. टमरेलाला भिंतीवर एक हुक, स्टुलाला दुसरा. वायपर, टॉयलेट ब्रश आणि झाडूला भिंतीवरच्या पकडीच्या क्लिपा मिळतात त्या लावा, फरशी एकदम मोकळी वाटायला लागते.

गीझरच्या खाली निदान फूटभर जागा सोडा, उभ्या गीझरचं झाकण खालून उघडतं आणि कॉइल बदलायला तिथूनच हात घालतात. गीझरवर काहीही ठेवू नका. आणि गॅस गीझर असेल तर हवेसाठी असलेली खिडकी, झरोका यांच्यासमोर कपाट, डबे, पडदा काहीही नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळत पण नाही. खरं तर गॅस गीझर बाथरूमच्या बाहेरच असावा.

वॉशिंग मशीन आत असेल तर वरची जागा चांगली आहे, पण वरून उघडणाऱ्या मशीनचं झाकण पूर्ण उघडून मग फळीची उंची ठरवा.

कपाट कशाचं करायचं

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड, बाथरूममध्ये नको, कितीही छान फिनिश असलं तरी नको. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी बरीच रेडिमेड कपाटं याचीच असतात, माहितीत मटेरियल काय लिहिलंय ते आधी वाचा.

प्लायवूड करायचं तर ज्यावर आयएस ७१० छापलेलं आहे ते मरीन प्लाय. साधं आयएस ३०३ चं एमआर प्लाय दमट हवा सोसतं, पाणी नाही. पण मरीन प्लायला पण कडा असतात आणि पाणी कडेतूनच शिरतं, म्हणून सगळ्या कडा, पाइपसाठी पाडलेली भोकं, बिजागरीच्या खाचा, मागची न दिसणारी बाजू, सगळं सील करून घ्या. सुतार दिसणाऱ्या बाजूला सनमायका लावतो आणि मागची बाजू कोरी सोडतो, आणि ओल्या भिंतीला टेकते ती तीच बाजू. काम चालू असताना समोर उभं राहून बघा.

लहान बाथरूमसाठी मला विचाराल तर पीव्हीसी बोर्ड किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला बोर्ड). पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही. त्यांची एक कमजोरी म्हणजे स्क्रूची पकड, हलक्या बोर्डात बिजागरीचे स्क्रू सैल होतात. त्यामुळे १८ मिलिमीटर जाड, जड वाटणारा बोर्ड निवडा, दोन तुकडे हातात घेऊन बघितले की फरक कळतो, आणि दारं लहान ठेवा, एका मोठ्या जड दारापेक्षा दोन छोटी. दोन फुटांपेक्षा लांब फळी मधे आधार न देता टाकली तर वाकते. दाराच्या वरच्या फळीला म्हणूनच मधे एक ब्रॅकेट हवाच.

स्टीलच्या रॅकला ३०४ ग्रेड घ्या. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात की बघा चिकटत नाही म्हणजे चांगलं स्टील, पण स्वस्तातल्या २०२ ला पण चुंबक जवळजवळ चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेवर विसंबू नका, ग्रेड लिहिलेलं बिल घ्या. स्क्रू पण स्टेनलेसचेच, रॅकबरोबर फुकट येणारे स्क्रू बऱ्याचदा साधे असतात आणि त्यांचाच गंज टाइलवर ओघळतो. मालवण, रत्नागिरी, गोवा, अशा समुद्राजवळच्या घरांत खारी हवा ३०४ ला पण डाग पाडते, तिथे चांगलं प्लास्टिक किंवा पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम जास्त टिकतं.

टाइलला भोक पाडणं

हे घरी जमतं, घाई नको एवढंच.

आधी जागा पेन्सिलीने आखा आणि पाणसळ, म्हणजे लेव्हल बॉटल, लावून आडवी रेघ सरळ आहे ना बघा, टाइलच्या सांध्यावर विसंबू नका, ते तिरके असू शकतात. भोकाच्या जागी मास्किंग टेप चिकटवा म्हणजे बिट घसरत नाही. टाइलच्या कडेपासून निदान इंचभर आत या, अगदी कडेला भोक पाडलं की तडा जातोच.

साध्या सिरॅमिक टाइलला भाल्याच्या टोकाचं टाइल बिट, व्हिट्रिफाइड, म्हणजे जास्त कडक टाइलला डायमंड बिट. ड्रिलचा हॅमर बंद, वेग कमी, दाब हलका. टाइल पूर्ण आरपार होईपर्यंत हॅमर चालू करायचा नाही, हे एक पाळलं तरी बहुतेक टाइल वाचतात. बिट तापलं तर थांबा, ओल्या फडक्याने थंड करा, पण ड्रिलवर पाणी उडू देऊ नका, फरशी कोरडी असू दे, पायात चप्पल असू दे. टाइलच्या पलीकडे भिंत लागली की मेसनरी बिट (विटा-काँक्रीटचं) लावा आणि आता हॅमर चालू करा.

भोकातला भुसा फुंकून किंवा पंप मारून काढा, डोळे सांभाळून. मग भोकात थोडं सिलिकॉन भरा आणि गिट्टी आत ढकला. गिट्टी टाइलच्या जाडीच्या पलीकडे, पूर्ण भिंतीत गेली पाहिजे. स्क्रू पिळताना गिट्टी फुगते, ती टाइलच्या जाडीतच राहिली तर टाइलला आतून ताण येतो आणि ती आज नाही तर आठवड्याने तडकते. स्क्रू घट्ट झाला की थांबा, अजून पाव फेरा मारायचा मोह टाळा. शेवटी ब्रॅकेटच्या कडेने सिलिकॉनची बारीक रेघ, तळाची बाजू मात्र मोकळी, म्हणजे मागे गेलेलं पाणी खाली निघून जाईल. सिलिकॉन एक दिवस सुकू द्या, तोवर त्या भिंतीवर पाणी नको.

भाड्याचं घर असेल तर

मालक भोक पाडू देत नसेल तर चिकटवायचे रॅक आणि हुक आहेतच, पण ते पडतात म्हणून लोक वैतागतात. पडायचं मुख्य कारण टाइलवरचा साबणाचा न दिसणारा थर. आधी भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, पूर्ण सुकू द्या, मग स्पिरिटने पुसा, मग चिकटवा. सांध्यावर नाही, खरखरीत मॅट टाइलवर पण नाही. चिकटवल्यावर २४ तास काही टांगू नका आणि त्या दिवशी तिथे अंघोळ पण नको, म्हणजे गावाला निघताना हे काम करून जायचं. पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्मंच धरा. एक लिटरची शॅम्पूची बाटली म्हणजे साधारण एक किलो, अशा चार ठेवल्या की झाले चार किलो. काढताना ओढू नका, हेअर ड्रायरने गरम करा आणि मागून जाड दोरा करवतीसारखा फिरवा.

दोन भिंतींमध्ये अडकणारी स्प्रिंगची दांडी पण भाड्याच्या घरात उपयोगी, चार फुटांच्या रुंदीत छान बसते, टॉवेल आणि घालायचे कपडे अंघोळीपुरते लटकवायला. खिडकीचा कट्टा वापरा पण काचेच्या पट्ट्या अडवू नका.

रिनोव्हेशन काढलंच असेल तर

मग गवंड्याकडून कोनाडा करून घ्या. ९ इंची विटेच्या भिंतीत साडेतीन-चार इंच खोल कोनाडा आरामात होतो, ४ इंची भिंतीत होत नाही, तिथे हट्ट करू नका. कोनाड्याच्या आत पण वॉटरप्रूफिंग हवं, आणि तळाला कडप्पा किंवा ग्रॅनाइटचा एकच अखंड तुकडा, बाहेरच्या बाजूला किंचित ढाळ देऊन. ढाळ द्यायला ते विसरतात, टमरेलभर पाणी ओतून स्वतः बघा, पाणी आत थांबलं तर तेव्हाच दुरुस्त होतं, नंतर नाही. टाइल लावतानाच कोपऱ्यात दगडी त्रिकोण खोचून घेतले तर रॅक विकत घ्यायचीच गरज नाही, भोकं नाहीत, गंज नाही, वर्षानुवर्षं तसेच राहतात.

एक नेहमीचं बाथरूम घेऊन बघू

४ बाय ६, संडास वेगळा, बेसिन बाहेर पॅसेजमध्ये. दार ४ फुटी भिंतीत, समोरच्या ४ फुटी भिंतीवर खिडकी, उजवीकडच्या ६ फुटी भिंतीवर नळ आणि गीझर. असे फ्लॅट शेकड्याने आहेत.

इथे डावी ६ फुटी भिंत पूर्ण मोकळी असते, पण तिचा खिडकीकडचा अर्धा भाग भिजतो आणि दाराकडचा बराच कोरडा राहतो. त्या दाराकडच्या भागात पीव्हीसी बोर्डचं उभं कपाट, २ फूट रुंद, अडीच फूट उंच, फक्त ५ इंच खोल, तळ फरशीपासून साडेचार फुटांवर. पाच इंचच असल्यामुळे आत येता-जाता खांद्याला लागत नाही. यात दुसरा ढीग जातो. दाराच्या वर भिंत टू भिंत ९ इंची फळी, त्यात तिसऱ्या ढिगातलं हलकं सामान. नळाच्या भिंतीच्या कोपऱ्यात, पाइपच्या रेषा टाळून, दोन कप्प्यांचा जाळीचा रॅक, पहिला ढीग तिथे. दाराच्या मागे चार हुक. कपाटाच्या खालच्या मोकळ्या भिंतीवर वायपर आणि ब्रशच्या क्लिपा, स्टुलाचा हुक. फरशीवर एकात एक घातलेल्या दोन बादल्या. ॲसिड आणि फिनेल संडासात, उंचावर नाही पण मुलांच्या हातालाही येणार नाही अशा उघड्या कोपऱ्याच्या फळीवर, साधारण खांद्याच्या उंचीला, आणि मुलं अगदी लहान असतील तर बाल्कनीत कुलपात.

हे सगळं एकदम करायला पाहिजे असं नाही. आधी हुक आणि क्लिपा लावा, फरशी मोकळी करा, महिनाभर तसं वापरून बघा. बऱ्याचदा कपाटाची गरज ठरवली होती त्याच्या निम्मीच निघते. मग सुताराला बोलवा.

नंतर काय काय बघत राहायचं

शेवटी अंघोळ करणाऱ्याने भिंतीवरून आणि फरशीवरून वायपर मारायचा, एवढा एक नियम घरात लागला तर कपाटाचं आयुष्य नक्की वाढतं. एक्झॉस्ट फॅन असेल तर अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, आणि दार थोडं उघडं, पूर्ण बंद खोलीत फॅन बाहेर टाकायला हवा आणणार कुठून. बंद कपाटाची दारं रोज थोडा वेळ उघडी ठेवा. टूथब्रश बंद कपाटात कोंडू नका, उभे, हवेवर सुकू द्या.

मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी, सगळे स्क्रू हाताने हलवून बघा, सिलिकॉन काळं पडलं असेल किंवा सुटलं असेल तर ब्लेडने काढून नवीन भरा, पीव्हीसीच्या दारांच्या बिजागऱ्या आवळा, जाळीच्या रॅकवरचे क्षार लिंबू किंवा पातळ व्हिनेगरने काढा. तिथे ॲसिड वापरू नका, स्टीलवर नाही आणि कडप्प्यावर पण नाही, दोन्ही त्याने खराब होतात.